मिशरी, मशीन आणि मी

मी एक हिरव्या दांड्याचा, हातानं चालणारा साधा दातांचा ब्रश. माझे केस आता चारी दिशांना गेलेत, तेव्हा रूपावर जाऊ नका. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतरचं जिंतूर, दुकानातलं काचेचं कपाट आणि त्यातून मला बाहेर काढणारे मुंजाजी.

मुंजाजी चारठाण्याचे सनईवाले. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, सनई त्यांचीच. पण त्यांचे समोरचे दोन दात हलायला लागले होते. सनईची पत्ती ओठांत धरायची, तर ओठांना मागून दातांचा टेकू लागतो. परभणीच्या डॉक्टरनं बजावलं होतं, "मिशरी सोडा, ब्रश वापरा. नाहीतर हे दोन उन्हाळा बघत नाहीत." आणि लेकीचं, मनकर्णाचं, लग्न तर वैशाखात ठरलेलं.

"लेकीच्या मांडवात दुसऱ्याची सनई वाजली, तर मी जित्तेपणी मेलो म्हण," मुंजाजी बायकोला, कमलबाईला म्हणाले.

एवढी काळजी, तर माणसानं डॉक्टरचं ऐकावं. पण अर्धं ऐकायचं आणि उरलेलं आपल्या सोयीनं लावायचं, ही माणसांची जुनी खोड. मुंजाजींनी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड चिमटीत घेतली आणि सरळ माझ्यावर घातली.

"बोटानं लावली तर मिशरी," ते म्हणाले, "बरशानं लावली तर औषीद!"

वर घासलं असं, की पितळी घागरीलाही दया आली असती. पहिल्याच दिवशी मी काळाठिक्कर झालो आणि त्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं.

"चला, बोट तरी गोरं ऱ्हाईल तुमचं," कमलबाई पदराआड हसली. तिचं स्वतःचं तोंड मिशरीनं भरलेलं होतं, हेही सांगून टाकतो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

माघात माझ्या उरावर सवत आली. येलदरीच्या वीजघरातले इंजिनियर दिनकरराव यांच्या घरी मुंज होती. मुंजाजींची सनई ऐकून साहेब खूश झाले आणि भावानं विलायतेहून आणलेला, सेलवर चालणारा ब्रश त्यांनी भेट दिला. पांढराशुभ्र, जाडजूड, बटण दाबलं की गुणगुणणारा.

"मुंजाजी, यात मिशरी घालायची नाही हं," साहेबांनी ताकीद दिली. "मशीन बिघडेल."

काय सांगू तुम्हाला! जी मिशरी या माणसानं स्वतःच्या दातांसाठी सोडली नाही, ती मशीनसाठी सोडली.

दुसरी गंमत पुढंच आहे. तुम्हा-आम्हाला त्या यंत्राची नुसती घरघर ऐकू आली असती. मुंजाजींना सूर ऐकू आला. "अगं ऐक, ह्यो तर सूर धरायलाय!" दातांवर जोर दिला की मशीन दमायचं आणि सूर उतरायचा. उतरलेला सूर मुंजाजींना कसा खपणार? तो सांभाळता सांभाळता त्यांचा हात आपोआप हलका झाला. फाल्गुनात रक्त थांबलं. मी न्हाणीच्या कोनाड्यात बसून जळत होतो.

मग सेल उतरले. नवे आणले, तर सूर चढा लागला, आणि पंधरा दिवसांत तोही घसरला.

"बेसूर वस्तू तोंडात घालायची न्हाई," मुंजाजींनी निकाल दिला. विलायती पाहुण्याला फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि मला उचललं.

मी जीव मुठीत धरला. पण हात हलका होता, मिशरीचा पत्ता नव्हता. मला वाटलं, मी जिंकलो. खरं तर तो हात घडवला होता त्या गुणगुण्यानं. कबूल करायला जड जातं, पण करतो. म्हणून माझं एवढंच मागणं आहे: यंत्र घ्या नाहीतर मला घ्या, हात तेवढा हलका ठेवा. मी आता विजारीत नाडी ओवायच्या कामाला आहे. तक्रार नाही, कारण ते लग्न मी पाहिलंय.

त्या दिवशी मुंजाजींनी मला कोटाच्या खिशात नेलं. जेवणावर विडा आला तो परत केला आणि विहिरीवर जाऊन हळूच दात घासले. सकाळपासून सनई वाजत होती, सूर तसूभर हलला नव्हता. त्यांचा जोडीदार सिताराम शेजारी बसून खालचा सूर धरून होता.

पाठवणीची वेळ झाली. मनकर्णा बापाच्या पाया पडली. आणि सनईचा सूर फाटला, अडखळला, थांबला. मांडवात नुसता सितारामचा सूर उरला.

"गेले वाटतं दात," मागून कुणीतरी कुजबुजलं.

कमलबाई गर्रकन वळली. तिचे डोळे भरलेले होते.

"दात लय घट्ट हायत त्यायचे," ती म्हणाली. "लेक निघालीय."

मी खिशातच होतो, आणि त्या दातांना माझ्याइतकं जवळून कोण ओळखणार? ती खरं बोलत होती.