सतराचा पाना

"अजून जडच आहे," मिस्त्री म्हणाले आणि गाडीतून उतरून त्यांनी दार आपटलं.

त्यांची बायको शेडच्या दाराशी बादलीत हात धूत होती. तिने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. हे वाक्य ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. स्टिअरिंगचं तेल भरलं, तरी जड. पट्टा बदलला, तरी जड. पंप खोलून आतली सगळी रबरं नवी घातली, तरी आपलं जडच. आता त्या गाडीत बदलायचं राहिलं होतं काय, तर आरसा आणि हॉर्न!

गाडी होती सिस्टरची. सिस्टर म्हणजे घरोघर जाऊन बाळंतिणी आणि त्यांची तान्ही बाळं तपासणारी नर्स. गाडी तिच्या वडिलांच्या वेळची, फिक्या हिरव्या रंगाची, बॉनेटवरचा रंग पार उडालेला. पहिल्यांदा आली तेव्हा खरोखरच वाईट अवस्थेत होती. वळणावर पट्टा किंचाळायचा आणि स्टिअरिंग वळवायला दोन्ही हातांनी झटावं लागायचं. पण ते मिस्त्रींनी बघता बघता ओळखलं. आधी टायरची हवा, मग तेल, मग पट्टा, मग पंप, हा त्यांचा ठरलेला क्रम. तेलाची टाकी कोरडी, कारण परतीच्या पाइपचा क्लॅम्प ढिला होऊन सगळं तेल खाली गळालेलं. पट्टाही सैल. दोन्ही कामं झाली, गाडी जॅकवर चढवली, बायकोला आत बसवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं, तेलातली हवा काढली. फेस बसला, आवाज गेला. सिस्टर चालवून आली आणि म्हणाली, "मिस्त्री, लोण्यासारखं झालंय हो!"

कुणालाही वाटेल, झालं, संपलं. पण मिस्त्रींनी जाता जाता एकदा स्वतः हात घालून बघितलं आणि त्यांचं कपाळ आक्रसलं. "गाडी ठेवून जा," म्हणाले. "सिस्टर, तुम्हाला नाही कळायचं. माझ्या हाताला कळतं."

ते खोटं नव्हतं, म्हणून तर पंचाईत. त्यांच्या हाताला मीटर बसवलाय असं लोक म्हणायचे. चाकाला नुसता हात लावून बेअरिंग गेलंय का राहिलंय ते सांगायचे. मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते तेव्हा तिथले लोक स्टिअरिंगला वजनाचा काटा लावून ओढ मोजायचे. त्यालाही हे हसायचे. म्हणायचे, काटा लागतो तो भाजीवाल्याला. मग सिस्टर काय, बापडी गाडी ठेवून गेली आणि पायी फिरायला लागली, खांद्याला ती भलीमोठी पिशवी अडकवून.

बायकोला मात्र ठाऊक होतं. स्टिअरिंग फुलासारखं हलकं होतं. जॅकवर चढवून झालं, जमिनीवर उतरवून झालं, दर वेळी आत बसून ते फिरवलं होतं तिनेच. जड झाला होता तो मिस्त्रींचा उजवा हात.

हे तिला थंडीत कळलं. एका टेम्पोच्या चाकाचा नट निघेना. मिस्त्री ओढून ओढून लाल झाले, "गंजलाय मेला," म्हणाले आणि पालथ्या खोक्यावर जाऊन बसले. ते जेवून आडवे झाले तेव्हा तिने पान्याच्या दांड्यात पाइप घातला, त्यावर पाय दिला, आणि नट एक कुरकूर करून मोकळा झाला. त्यावर गंजाचा ठिपका नव्हता. ती तिथेच उभी राहिली. तिला रडू आलं, पण रडत बसायला वेळ कुणाला होता? तिने नट बोटांनी पुन्हा बसवला आणि भांडी घासायला गेली. संध्याकाळी मिस्त्रींनी पाना लावला, नट फिरला. "बघ, ऐकतो का नाही," ते म्हणाले. किती खुश झाले होते!

तेव्हापासून हे रोजचंच होऊन बसलं. मिस्त्री आंघोळीला गेले की ही शेडमध्ये. ज्या गाडीचं काम असेल तिचे नट आधीच सैल करायचे, बोटांनी परत बसवायचे, सतराचा, म्हणजे सतरा नंबरच्या नटाचा पाना खिळ्याला टांगायचा, हात धुवायचे आणि काही झालंच नाही अशा तोंडाने चहा टाकायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती झाकायला हिची कंबर कामी येत होती. एकदा हिय्या करून ती म्हणाली होती, "अहो, हात एकदा दाखवून या ना डॉक्टरला." त्यावर त्यांनी असा अबोला धरला की पुन्हा तिने विषय काढला नाही.

चाललं असतं असंच. पण आता हे रॅकचं निघालं होतं.

"रॅकच गेलीय," मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाले. रॅक म्हणजे गाडीच्या पोटाखालची ती दांडी, जी स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेते. "आज सिस्टर आली की सांगून टाकतो. नवी घालायची, दुसरा इलाज नाही."

सिस्टर नाही म्हणणार नाही, हे बायकोला पक्कं माहीत होतं. मिस्त्री म्हणतात म्हणजे असेलच, म्हणेल आणि पगार आणून देईल. धडधाकट रॅक भंगारात जाईल. नवीसुद्धा जडच लागेल, मग पुढे काय बदलतील? दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला! शिवाय रॅकचे बोल्ट तिने काल गाडीखाली झोपून बघितले होते. पाइप घालून ओढले, पाय देऊन ओढले, तसूभर हलले नव्हते. म्हणजे हेही आता झाकता येणार नव्हतं.

"मला तर हलकं वाटतं," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय?"

"फिरवते तर मीच की."

"फिरवणं वेगळं आणि कळणं वेगळं," मिस्त्री म्हणाले. "जन्म गेला माझा यात. आता तू शिकवणार मला?"

नाचता येईना अंगण वाकडं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. ती थकली होती. नटांनी थकली होती, पण त्याहून जास्त त्या रोजच्या तोंडावरच्या हसऱ्या खोटेपणाने थकली होती. ती गाडीच्या मागे गेली आणि तिने डिकी उघडली. तिथे सिस्टरचा जुना काटा पडलेला तिने पहिल्याच दिवशी बघितला होता. झोळीत बाळ घालून आकड्याला टांगायचं आणि वजन बघायचं, तसला. झोळी फाटली म्हणून सिस्टरने नवा घेतला असणार.

तिने तो मिस्त्रींच्या पुढ्यात धरला. "लावा."

मिस्त्री काट्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे. त्यांचा चेहरा असा झाला की तिला वाटलं, आता हा काटा ते गटारात फेकतील आणि वर मला चार शब्द सुनावतील.

"असला पोराबाळांचा काटा खोटा असतो," ते म्हणाले.

"मग खरा आहे का खोटा, तेच बघा आधी."

काही झालं तरी माणूस मिस्त्री होता. त्यांनी ग्रीसचा न फोडलेला डबा आकड्याला टांगला. डब्यावर छापलं होतं तेवढंच वजन काट्याने दाखवलं. गाडी जमिनीवर होती, त्यांनी इंजिन चालू केलं, काट्याचा आकडा स्टिअरिंगच्या कडेला अडकवला आणि ओढलं. त्यांच्या मानेची शीर तट्ट फुगली. स्टिअरिंग फिरलं. काटा तीन किलोच्या अलीकडेच थांबला.

त्यांनी दुसऱ्या बाजूने ओढलं. तीनच्या आत. मग काटा तिच्या हातात दिला. तिने दोन बोटांनी ओढलं, तर तितकंच.

"चारच्या आत असलं की स्टिअरिंग ठणठणीत," मिस्त्री हळूच म्हणाले. "वर्कशॉपच्या भिंतीवर लिहिलेलं असायचं." त्यांनी इंजिन बंद केलं आणि पाय बाहेर सोडून ते सीटवर बसून राहिले. "नाचता येईना..." एवढंच म्हणाले आणि थांबले.

तिने अंगणाचं नाव घेतलं नाही.

"कधीपासून माहितीय तुला?"

"थंडीपासून."

"हं. नट तू सैल करतेस."

तिने चमकून बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"सतराचा पाना मी तोंड भिंतीकडे करून टांगतो. सकाळी येतो तर तो माझ्याकडे तोंड करून बघत असतो." त्यांना हसू आलं, पण ते नीट फुटलं नाही. "रोज सरळ करतो मी तो."

"अहो, मग बोलायचं नाही का? माझी कंबर मोडून गेली की इकडे!"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस. मग ते नट काढले कुणी असते?"

तिला राग आला, भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्या माणसाला पोटाशी धरावंसं वाटलं. दोघं एकाच शेडमध्ये, एकाच पान्यावरून, एकमेकांना फसवत बसली होती.

"पण स्टिअरिंग मला खरंच जड वाटलं गं," मिस्त्री म्हणाले. "नटाचं माहीत होतं. वाटलं, जोर गेला तर गेला, वयाने जातोच. पण कळणं तरी राहिलंय हातात. शपथ घेऊन सांगतो, सोंग नव्हतं ते."

"माहितीय मला."

तेवढ्यात सिस्टर आली. पिशवी खाली टेकवून तिने खांदा चोळला आणि विचारलं, "काय मिस्त्री, सापडलं का दुखणं?"

बायकोने मिस्त्रींकडे बघितलं. काहीही सांगता आलं असतं. तेलात कचरा होता, साफ केला, न्या गाडी. सिस्टरने आभार मानले असते आणि मूठ झाकलेलीच राहिली असती. ती तर तेच सांगायला तोंड उघडणार होती.

"सापडलं," मिस्त्री सीटवरून उठत म्हणाले. "गाडी केव्हाच बरी झाली होती, सिस्टर. तुम्ही म्हणत होता, ही म्हणत होती. मीच उगाच तुम्हाला पायपीट करायला लावली. बिघाड माझ्या हातात आहे."

सिस्टरने डोळे बारीक केले. ती पुढे आली आणि तिने आपली दोन बोटं त्यांच्या उजव्या तळहातात दिली. "दाबा बघू."

मिस्त्रींनी दाबली.

"जोर लावा की."

"लावलाय," मिस्त्री म्हणाले.

सिस्टरने दुसऱ्या हातात बोटं दिली, तो हात बघितला, मग मानेवर कुठेकुठे दाबून काय काय विचारलं. बोटांना मुंग्या येतात का, झोपेत हात बधिर होतो का. मिस्त्री शाळेतल्या मुलासारखी खरी खरी उत्तरं देत होते. यातलं निम्मं बायकोलाही माहीत नव्हतं.

"मानेतली नस दाबली गेलेली असू शकते," सिस्टर म्हणाली. "फोटो काढल्याशिवाय सांगता यायचं नाही. जोर परत येईल का, किती येईल, ते डॉक्टर सांगतील. पण आणखी थांबायचं नाही. बसा गाडीत, मी दवाखान्याकडेच निघालेय."

"आत्ता? टेम्पोवाला येणार आहे दुपारी."

"बसा म्हटलं ना!"

मिस्त्री बसले, शेजारच्या सीटवर. आपण दुरुस्त केलेल्या गाडीत त्या बाजूला ते कधी बसले नसतील. सिस्टरने गाडी मागे घेतली आणि फाटकाच्या तोंडाशी एका हाताने, पिशवी सारखी करता करता, स्टिअरिंग पूर्ण वळवलं. ना किंचाळणं, ना घरघर. मिस्त्रींची नजर तिच्या त्या हातावर खिळली होती. बायकोला ते बघवेना.

फाटकात गाडी थांबली. मिस्त्रींनी काच खाली केली, डाव्या हाताने.

"अगं," त्यांनी हाक मारली, चांगली मोठ्याने, सिस्टरला आणि रस्त्यावरच्या दोघाचौघांनाही ऐकू जाईल अशी. "त्या टेम्पोच्या चाकाचे नट तेवढे काढून ठेव. मला जमायचे नाहीत."

"ठेवते," ती म्हणाली.

गाडी गेल्यावर तिने खिळ्यावरून सतराचा पाना काढला, पाइप शोधला आणि टेम्पोवाल्याची वाट बघत पालथ्या खोक्यावर बसून मनसोक्त रडून घेतलं. आता कुणापासून लपवायचं नव्हतं. संध्याकाळी काम झाल्यावर तिने पाना जागेवर टांगला, तोंड भिंतीकडे करून.