चौकोनी आत्मा

रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ‘फावल्या वेळचे फोटोवाले’ या ग्रुपवर नुसता धुमाकूळ सुरू झाला. ग्रुपवर चारशे बारा सभासद होते आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी वारलेली माणसं एकाच वेळी येऊन बसली होती.

“आले! आमचे सासरे आले!” बेकरीवाल्यानं फोटो टाकला. अंधाऱ्या खोलीतला सोफा, आणि त्यावर तरंगणारं पांढुरकं, गोल, बशीएवढं वर्तुळ.

“आमची आत्या आली,” भूगोलाच्या बाईंनी लिहिलं. “शेजारचं छोटं वर्तुळ तिची मांजर असावी.”

पक्षीवाले आजोबा हे ग्रुपचे चालक. सावली चुकीच्या बाजूला पडली तरी सभासदाची खरडपट्टी काढणारा माणूस. त्यांनीही एक वर्तुळ टाकलं आणि खाली लिहिलं, “माझा कुत्रा. कान ओळखू येतात.” वर्तुळाला कान कुठून, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

या सगळ्याच्या मुळाशी होते तेजोमहाराज. चार महिन्यांपूर्वी ग्रुपवर आले तेव्हा ते साधे गादीवाले होते. गाद्या-उशांचं दुकान आणि क्षितिज हमखास तिरकं असलेले सूर्यास्त, एवढीच त्यांची ओळख. एकदा त्यांनी गोदामात फ्लॅश मारून काढलेला फोटो टाकला, त्यात वीसेक पांढरी वर्तुळं होती. एरवी ग्रुपनं त्यांना फाडून खाल्लं असतं. पण या ग्रुपची एक जुनी रीत होती. प्रत्येक फोटोखाली त्यामागची गोष्ट लिहायची. वर्षानुवर्षं ही रीत पाळून पाळून झालं असं, की फोटो कुणी धड बघेचना, सगळे गोष्टच वाचायचे. गादीवाल्यांनी लिहिलं होतं, ‘आज माझे पूर्वज मला भेटायला आले.’ तीनशे अंगठे पडले. दुसऱ्या दिवशी ते महाराज झाले.

“खोली अंधारी करा,” दर रविवारी ते व्हिडिओवर मधाळ आवाजात सांगत. “प्रिय व्यक्तीचं आसन झाडू नका, पुसू नका. त्यात त्यांचा स्पर्श आहे! आसनावर तीनदा जोरात थोपटा. म्हणा, ‘या, बसा.’ पाच आकडे मोजा. मग मारा फ्लॅश! आणि आसनच उरलं नसेल तर खचून जाऊ नका. आमच्याकडे सिद्ध उशी मिळेल.”

ग्रुपवर जिला सगळे चष्मेवाली म्हणत, ती हे सारं आपल्या दुकानात, चष्म्यांचे स्क्रू पिळता पिळता वाचायची आणि पोट धरून हसायची. चार हौशी माणसं रविवारी उशा बडवतात, बडवू देत, आपलं काय जातं! पण बुधवारी, ग्रुपवर असूनही कधी एक ओळ न लिहिलेल्या तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला आणि तिचं हसू पळालं.

“मी डोळ्याचं ऑपरेशन रद्द केलंय,” ताई म्हणाली.

“काय? सोमवारची तारीख आहे ना तुझी?”

“महाराज म्हणाले, हा मोतीबिंदू नाही. आत्म्यानं धरलेला पडदा आहे. तो कापला की संबंध तुटला. मग हे परत यायचे नाहीत.”

‘हे’ म्हणजे भाऊजी. त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजवा इतका पिकला होता, की डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता उशीर केलात तर डोळ्यातला दाब वाढेल आणि नजर कायमची जाईल. चष्मेवालीनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तडक ताईचं घर गाठलं.

ताईनं पडदे ओढूनच ठेवले होते. खिडकीजवळ भाऊजींची कापडी आरामखुर्ची होती, सव्वा वर्षात फडका न लागलेली.

“तू हसशील म्हणून तुला सांगत नव्हते. आता बघच,” असं म्हणून ताईनं खुर्चीवर धप, धप, धप थोपटलं. “या, बसा.” पाच आकडे मोजून तिनं फ्लॅश मारला आणि फोन धाकटीच्या नाकासमोर धरला. सात वर्तुळं!

“हे बघ, हे मोठं म्हणजे हे.”

“आणि बाकीचे सहा कोण?”

“मित्र असतील. एकटे कधी कुठे जायचे ते?”

हे मात्र चष्मेवालीलाही पटलं. भाऊजी कधीच एकटे कुठे जात नसत. तिनं खुर्चीकडे नीट बघायला म्हणून मान वाकवली आणि तिला जी शिंक आली ती एकावर थांबेना. चार शिंका झाल्या. डोळे पुसून वर बघते तर पडद्याच्या फटीतून उन्हाची तिरीप खुर्चीवर पडली होती आणि त्या तिरिपीत भाऊजींच्या खुर्चीतली सव्वा वर्षाची धूळ मजेत गिरक्या घेत होती.

“ताई, अगं ही धूळ आहे!”

“धूळ अशी चंद्रासारखी गोल दिसते का कधी? तू आपली शिंक, आणि जा घरी.”

या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं, ते दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकामुळे. जाड भिंगाचा चष्मा दुरुस्तीला देऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, “चष्मा नसला की मला रस्त्यावरचे दिवे असे गोल गोल, थाळीएवढे दिसतात हो.” चष्मेवालीनं त्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून पाणी दिलं, जवळजवळ मिठीच मारली, आणि संध्याकाळपर्यंत दुकानात तिनं जो काही पसारा घातला तो बघून शेजारचा दुकानदार दोनदा विचारून गेला, सगळं ठीक आहे ना म्हणून.

रविवार उजाडला. व्हिडिओवर ‘सामूहिक दर्शन’ होतं. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत दीडशे माणसं, एकेकाच्या मांडीवर उशी. एका चौकटीत ताई, डोळे बारीक करून बसलेली. उद्या सोमवार. हॉस्पिटलनं ताईची जागा अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, एवढाच काय तो आधार होता.

“महाराज,” चष्मेवाली अत्यंत लीनपणे म्हणाली, “माझ्याकडेही दर्शन झालं. जरा सांगता का कोण कोण आहे?” आणि तिनं फोटो दाखवला. त्यात इतकी वर्तुळं होती, की भिंत दिसेना.

“अहाहा!” महाराजांनी डोळे मिटले. “काय हे भाग्य! भगिनी, हे तुमचं अख्खं घराणं आहे. डावीकडचे ते तेजस्वी, ते तुमचे पणजोबा. करारी माणूस! वर कोपऱ्यात एक माउली आहे, तिची तुमच्यावर फार माया. मधले ते... विद्वान दिसतात.”

“महाराज, ते पायपुसणं आहे.”

“काय?”

“माझ्या दुकानाच्या दारातलं. ते मी कॅमेऱ्यासमोर झटकलं. विद्वान म्हणताय ते बहुतेक समोरच्या रस्त्यावरून आले असतील.”

दीडशे चौकटींत खसखस पिकली. पण महाराज कसलेले होते. “आत्मा धुळीचंही रूप घेतो, भगिनी. तो काय घेत नाही! रूप कसलंही असो, तेज मात्र गोलच. पूर्णत्वाची खूण आहे ती.”

“गोलच ना? नक्की?”

“त्रिवार गोल!”

चष्मेवालीनं दुसरा फोटो दाखवला. यातही भिंतभर पांढरे ठिपके होते, पण एकूण एक चौकोनी. स्वच्छ चार कोपऱ्यांचे, बिस्किटासारखे चौकोनी आत्मे.

महाराज दोनदा खाकरले. “हे... हे शिस्तीचे आत्मे आहेत.”

“आणि हे?” तिसऱ्या फोटोत सगळे त्रिकोणी होते. चौथ्यात बदामाच्या आकाराचे. “हे फार प्रेमळ असणार, नाही का?”

आता हसू आवरणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. बेकरीवाल्याचा फोन हातातून निसटला आणि त्याच्या चौकटीत नुसतं छत दिसू लागलं. तशा गोंधळात चष्मेवालीनं काळ्या कागदाच्या चार चकत्या वर धरल्या. प्रत्येकीच्या मधोमध कात्रीनं भोक पाडलेलं. एक गोल, एक चौकोनी, एक त्रिकोणी, एक बदामी.

“ऐका आता,” ती म्हणाली. “धुळीचा कण कॅमेऱ्याच्या अगदी नाकाशी असला, की त्याचं चित्र धड उमटत नाही, चष्म्याशिवाय रस्त्यावरचे दिवे थाळीएवढे दिसतात तसा तो फुगून धूसर ठिपका होतो. फ्लॅश भिंगाच्या शेजारीच असतो, म्हणून तो ठिपका उजळतो. आणि त्याचा आकार येतो भिंगाच्या भोकावरून. भोक नेहमी गोल, म्हणून तुमचे सासरे गोल! मी भिंगापुढे चौकोनी भोक धरलं, सासरे चौकोनी झाले. खोली अंधारी कशाला? ठिपका उठून दिसावा म्हणून. खुर्ची झाडायची का नाही? धूळ साठावी म्हणून. आणि थोपटायचं कशाला, ते तर आता सांगायलाच नको. माझ्यावर विश्वास ठेवू नका. करून बघा. आधी खोली पुसून, न थोपटता फोटो काढा. मग घरातलं पायपुसणं झटकून काढा.”

आणि दीडशे घरांत एकच धांदल उडाली. कुणी पुसतंय, कुणी झटकतंय, शिंकांचा पाऊस पडतोय. भूगोलाच्या बाईंनी एका झटक्यात चाळीस आत्या काढल्या. पक्षीवाले आजोबा आधी ओल्या फडक्यानं खोली पुसून आले, फोटो काढला, रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसले. “कुत्रा नाही,” ते हळूच म्हणाले. मग त्यांनी सतरंजी झटकली. “आता अकरा आहेत. माझ्याकडे एकच होता.” एवढं बोलून ते स्वतःच हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

महाराजांच्या चौकटीत एव्हाना फक्त एक रिकामी खुर्ची उरली होती, आणि मागं सिद्ध उशांची चळत.

ताई हसली नव्हती. तिनं फोन बंद केला. चष्मेवाली धावतच तिच्याकडे पोचली. सगळे पडदे उघडे होते आणि ताई ओला फडका घेऊन खुर्चीपाशी बसली होती.

“पुसून काढला फोटो,” ती म्हणाली. “तीनदा काढला. काहीच आलं नाही.”

“ताई...”

“तुझा राग आलाय मला. सगळ्यांसमोर केलंस. मला आधी एकटीला दाखवायचंस.”

ते खरंच होतं. चष्मेवालीला वाईट वाटलं, आणि तिनं ते कबूल केलं. “चुकलंच माझं. पण एकटीला दाखवलं असतं तर तू ऐकलं असतंस का?”

“नसतं ऐकलं,” ताई म्हणाली. मग फडका पिळून बादलीत टाकला. “उद्या किती वाजता जायचंय?”

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, डोळ्यात थेंब घातले. घरी आल्या आल्या ताईनं कपाटातून भाऊजींचा एक साधा फोटो काढला, कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेला. तो ती कितीतरी वेळ बघत राहिली.

“हनुवटीवर तीळ होता ह्यांच्या,” ती म्हणाली. “मी विसरलेच होते गं. हे गेले तेव्हापासून मला कुठल्याच फोटोत ह्यांचा चेहरा दिसत नव्हता. सगळं धुरकट. काळोखातली ती पांढरी वर्तुळं तेवढी दिसायची. म्हणून त्यांच्यावरच भागवत होते.”

चष्मेवालीला हुंदका आवरला नाही. ताईनंच तिला जवळ घेतलं.

त्या रविवारी ग्रुपवर तो फोटो आला. खाली आयुष्यात पहिल्यांदाच ग्रुपवर काही लिहिणाऱ्या ताईची गोष्ट होती. ‘हे माझे यजमान. यांची आठवण येते आणि येत राहणार, त्यासाठी मला कुठल्या महाराजाची परवानगी नको. तुमच्या दुःखाचा कुणी चमत्कार करून दाखवला, तर त्याला विचारा, कसं केलंत? तो सांगेना झाला, तर स्वतः करून बघा. आणि तो डॉक्टरकडे जाऊ नका म्हणाला, तर दार उघडून त्याला बाहेरचा रस्ता दाखवा. मी एक डोळा गमावता गमावता वाचले. दुसऱ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.’