पोरीत गेम नाही

चौदा वर्षं मी पोटासाठी टेनिस खेळले आणि त्यातून कमावला काय, तर हा उजवा खांदा. केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जात नाही. लोक विचारतात, आता काय करतेस? काय करणार, कपाळ! क्लबमध्ये बायकांना शिकवते. त्या बॉल कमी मारतात, गप्पा जास्त.

माझे कोच म्हणजे बाबा. एकोणिसाव्या वर्षी खांदा पहिल्यांदा गेला, तेव्हा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. बाबा म्हणाले, "त्याला काय कळतंय टेनिसमधलं?" इंजेक्शन टोचून घेतलं आणि खेळले. तरी जगातल्या पहिल्या शंभर खेळाडूंत कधी आले नाही ते नाहीच.

आता म्हाताऱ्याने दादाची चिंगी हेरली. पोर नऊ वर्षांची. तिला शाळेतून काढायचं आणि रोज चार तास कोर्टवर घालायचं, असा बेत. दादा नंदीबैल, मान हलवून मोकळा. वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुझा दादा तुझं ऐकेल गं. तू खेळलीयस. सांग ना, हिच्यात काही नाही म्हणून. माझी पोर वाचव."

रविवारी सगळे कोर्टवर जमले. मी चिंगीला बॉल द्यायला लागले. बॉल माझ्या रॅकेटवरून सुटायच्या आत कार्टी धावत सुटलेली! आणि तो फोरहँड! मला जन्मात तसा जमला नाही. हे शिकवून येत नसतं. मी जळले, खोटं कशाला बोलू. मग तिचा इवलासा खांदा दिसला आणि मी बॉल द्यायचं थांबवलं.

"काय वाटतं?" दादाने विचारलं.

"हिच्यात गेम नाही," मी चिंगीसमोरच ठोकून दिलं, म्हणजे विषय तिथेच संपेल. "पाय जड, नजर नाही. उगाच शाळा बुडवू नका."

"मग राहू दे ना, बाबा," दादा म्हणाला. वहिनीच्या जिवात जीव आला.

बाबा हसले. "अगं, तुझ्यात तरी कुठे होता? गाढवासारखी राबवून घेतली म्हणून तिथवर पोचलीस. हिचे चारचे सहा तास करू."

कानाखाली बसावी तसं झालं मला. तरी म्हटलं, "बाबा, पोरीचा जीव घेऊ नका."

चिंगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बघच तू आत्या!" म्हणत तिने बॉलची बास्केट फरफटत रेषेवर नेली आणि सर्व्हिस मारायला लागली. एक नेटमध्ये, दुसरी नेटमध्ये, तिसरी आत.

"चिंगे, घरी चल," वहिनी म्हणाली.

"नाही येणार, जा! सहा तास करणार मी!"

"जिद्द आहे हं पोरीत," दादा म्हणाला. झालं, फिरला. वहिनीने माझ्याकडे पाठ फिरवली.

बाबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "गेम आहे तिच्यात, मी काही आंधळा नाही. पण कोणी नाही म्हटल्याशिवाय पोर पेटत नाही. बरं झालं, तू म्हणालीस. शाब्बास!"

हा शब्द त्यांच्या तोंडून मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. आणि आग लागो माझ्या जिवाला, तो ऐकून मला बरं वाटलं.