भाकरीच्या वेळेला मोजलेली शाळा

गिरणीमागची शाळा पोरंच येत नाहीत म्हणून बंद केली, असं शाळा कमिटीचे मानसिंगराव सांगत सुटले होते. कागदावर एकशे बारा पोरं आणि पट्ट्यांवर बसलेली एकोणतीस. झालं, ठोकलं कुलूप!

जगदेवी इंटरपर्यंत शिकलेली, वकिलाची बायको. तिची गिरिजा याच शाळेत दुसरीला. पेठेतल्या शाळेनं जागा नाही म्हणून सांगितलेलं. पोरगी घरी बसली तर बसलीच, ही जगदेवीला धास्ती. शेजारच्या विणकरणीची, रत्नम्माची, पोरंही याच शाळेत; शेवटी तिला सोबत घेऊन तिनं कमिटीची कचेरी गाठली. शिपायानं रत्नम्माला बाहेरच बसवलं.

"आपण पोरं मोजायला किती वाजता आला होता?" जगदेवीनं मानसिंगरावांना विचारलं.

"पावणेबाराला. का हो?"

तिला हसूच आलं. पावणेबाराला वस्तीतली पोरं बापाच्या भाकरी घेऊन गिरणीच्या दारात उभी असतात, मास्तरच त्यांना सोडतात, साडेबाराला वर्ग पुन्हा भरतो. हे गिरणीच्या भिंतीवरच्या कावळ्यालाही ठाऊक! आणि हे उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणे शाळा चालवतात.

"तेलुगू विणकरांची अठ्ठावन्न, धनगरांची एकवीस, मुसलमानांची एकोणीस, बाकीची चौदा," ती म्हणाली. "मास्तरांचं हजेरीबुक बघा. साडेबारानंतर एकदा येऊन बघा."

मानसिंगरावांनी पानाचा तोबरा गालात सरकवला. "बाई, ती पोरं मागावरच बसायची. त्यांना कशाला शाळा? तुमची मुलगी वेगळी. पेठेतल्या शाळेत बसवू की तिला!" आणि त्यांनी चिठ्ठी खरडली.

ती त्या रंगलेल्या तोंडावर फेकावी, असं जगदेवीच्या मनात आलं. मनातच आलं. चिठ्ठी घेऊन, वर नमस्कार करून ती बाहेर आली.

रत्नम्मा लगबगीनं उठली. "काय म्हनतंय सायब, जगदेवक्का? उघडतंय का शाळा?"

"बघतो म्हणाले."

"आन् हातात काय हाय?"

"गिरिजाचं... पेठेतल्या शाळेचं."

रत्नम्मानं चिठ्ठीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "बरं झालं की. एक पोरगी तरी मोजली म्हनायची त्यांनी."

सोमवारी गिरिजा पेठेतल्या शाळेत गेली. रत्नम्माच्या दारावरून जायची सरळ वाट सोडून जगदेवीनं तिला मागच्या बोळातून नेलं.