चेहरा फुगला, मांडी गेली

मी मुवोंगेच्या उजव्या मांडीचा स्नायू बोलतोय. साल दोन हजार सोळा, एप्रिल, आमच्याकडचा पावसाळा. याच दिवसांत मुतुबा झाडाची साल ओली असते. विषुववृत्तापाशी, आमच्या मासाका जिल्ह्यात ती सोलून, मोगरीने ठोकून कापड करतात आणि मृताला त्यात गुंडाळतात.

मुवोंगेने जन्मभर हेच केलं. शिडी चढणं, बसणं, उठणं, सगळं माझ्या जिवावर. मी कधी कुरकुरलो नाही.

त्याची बायको गेली तेव्हा घरात एकही कापड तयार नव्हतं. शेजारच्या किटाकाने स्वतःसाठी ठेवलेलं कापड तिला दिलं.

"माझ्या हाताने करून परत देईन," मुवोंगे म्हणाला.

"मी मेल्यावर दे. मला घाई नाही!"

आता किटाका अंथरुणाला खिळला होता, आणि मुवोंगेचे गुडघे धरले होते. नाक्यावरचा औषधवाला लुले स्टिरॉइडची सुई घेऊन बसला. मुवोंगे जुळ्यांचा बाप, म्हणून सगळे त्याला मानाने सालोंगो म्हणत.

"सालोंगो, दुसरी काही गोळी चालू आहे?"

"मला काय धाड भरलीय?"

एचआयव्हीच्या गोळ्या तो शेंगदाण्यांच्या डब्यात लपवत असे.

स्टिरॉइड हे हार्मोनच. माझ्यातली प्रथिनं मोडायला लावणं हे त्याचं काम. काम झालं की यकृतातलं एक एन्झाइम त्याचा निकाल लावतं. पण डब्यातली एक गोळी त्या एन्झाइमचे हात बांधून ठेवत होती. सुईतलं औषध अंगातून जाईना. आठवडेच्या आठवडे ते मला पोखरत राहिलं.

चेहरा मात्र गोल झाला.

"काय सालोंगो, नवी बायको केलीत का? गाल बघा!" पाण्याला निघालेली नालुगो ओरडली.

"तुझ्या सासूला विचार!"

तो खूश झाला. आमच्याकडे वाळलेल्या माणसाबद्दल लोक कुजबुजतात, गुबगुबीत माणसावर संशय घेत नाहीत. त्याने पुन्हा सुई घेतली.

एका सकाळी तो चटईवरून उठेना. मी जोर लावला. जोरच नव्हता. पुतण्याने आरोग्य केंद्रात नेलं. नर्सने माझ्याभोवती बोटं धरली, ती जवळजवळ टेकली.

"गोळ्यांचं लुलेला का नाही सांगितलंत?"

मुवोंगेने माझ्यावर कपडे ओढून घेतले.

"गोळ्या सोडू नका. सुई बंद. पण अंगाला तिची सवय झालीय, ती एकदम तुटली तर जीव जाईल. आजच मोठ्या दवाखान्यात जा."

"कापड झाल्यावर."

"आणि मधेच मेलात तर?"

"तर दोघांना एकच पुरेल."

पुतण्याने साल सोलून आणली. मुवोंगेने भिंतीला टेकून, पाय पसरून ती ठोकली. मी नुसता पडून होतो. कापड वाळलं त्याच दिवशी किटाका गेला.

पुतण्याने मुवोंगेला मोटरसायकलवर चालकाच्या नि आपल्या मधे बसवून दफनाला नेलं. खड्ड्यापाशी त्याला वाकायचं होतं. मी धरू शकलो नाही. तो कोसळला. लोक धावले.

"हात लावू नका," तो म्हणाला.

तो रांगत पुढे गेला आणि त्याने कापड स्वतःच्या हाताने किटाकावर पसरलं. किटाकाच्या बायकोने त्याची कड चाचपली.

"पोचलं, सालोंगो," ती म्हणाली.