कोरडा दिवस

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा, आणि कोणत्या वेळी येईल ते त्या नळालाच ठाऊक. त्यामुळं घरांत माणसांपेक्षा भांडी जास्त. दाराशी निळा ड्रम, मोरीत हंडे, खाटेखाली कळशा. त्या दुष्काळात धरण तळाला गेलं तसा आठवड्याचा नळ आणखी लांबला आणि बायकांनी गोडेतेलाचे रिकामे डबेसुद्धा घासून ओळीनं उभे केले.

सत्यशीला बी.एस्सी. झालेली. नवरा अजिनाथ चिकलठाण्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला. सासू कडूबाई देवगाव रंगारीकडची, उभी हयात मेंढरांमागं गेलेली. कडूबाईचा एक नेम होता. ड्रम कधी पुरता कोरडा करायचा नाही, तळाशी तांब्याभर जुनं पाणी ठेवायचंच. "पाण्यावर पाणी येतं, पोरी. कोरड्या भांड्याकडं कोण फिरकतं?" सत्यशीलानं सुरुवातीला समजावून पाहिलं, नंतर सोडून दिलं. घरात रोज उठून भांडायचं तरी कुणी?

मग केसरला ताप आला. चार वर्षांची पोर, कधी घरात न टिकणारी, ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दवाखान्यात रक्त तपासलं, डेंग्यू निघाला.

"घोट घोट पाणी सारखं पाजत राहा," डॉक्टर म्हणाले. "सकाळपासून लघवी नाही म्हणता ना? उद्या दुपारपर्यंत झाली नाही तर भरती करावं लागेल." आणि त्याच दमात पुढं म्हणाले, "घरात पाणी साठवू नका."

"मग पाजू कुठलं, डॉक्टर?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

भरती म्हणजे काय ते सत्यशीलानं गेल्याच महिन्यात शेजारणीबरोबर जाऊन पाहिलं होतं. एका खाटेवर दोन-दोन पोरं, उशा-पायथ्याला आया. बोलता बोलता प्रत्येकीच्या वस्तीचं नाव कळत गेलं. जिथं नळ रोज येतो अशा भागातली एकही नव्हती.

घरी येऊन तिनं ड्रमचं झाकण उचललं आणि बॅटरी मारली. काठाशी बारीक अळ्या वळवळत होत्या.

"बघा!" ती सासूवर कडाडली. "तळाचं पाणी ठेवा, पाण्यावर पाणी येतं! आलं बघा काय आलं ते!"

कडूबाईनं वाकून पाहिलं. तिचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही. "म्या मारते व्हय माझ्या नातीला? धा-धा दिस नळ येत नाय, त्याला तोंडातून शब्द काढशील तर शपथ. बोलायला सासूच घावली तुला!"

 ते बोलणं सत्यशीलाला झोंबलं, कारण ते खरं होतं. लांबच्यावर राग काढता येत नाही म्हणून माणूस जवळच्यावर काढतो. रात्रभर तिनं पाणी फडक्यानं गाळलं, उकळलं, निववलं आणि चमच्यानं पाजलं. निम्मं पोटात गेलं, निम्मं उलटून पडलं. ड्रम तसाच राहिला.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा! सर्व भांडी रिकामी करा!"

आठवड्यातले सहा दिवस इथं आपोआप कोरडेच असतात, उरलेला एकसुद्धा ह्यांना हवाय, सत्यशीलाच्या मनात आलं.

महापालिकेच्या पथकात चार-पाच जण होते. पुढं काकासाहेब नावाचे प्रमुख, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. शेजारच्या कमरुन्निसाच्या ड्रममध्ये अळी दिसली आणि तिनं पदर सावरून बाहेर येईपर्यंत दोघांनी ड्रम आडवा केला. भडाभडा पाणी गटाराकडं धावलं आणि काकासाहेबांनी आडव्या ड्रमचा फोटो काढला.

"अरे रुको! परसोंच तो भरी मैं!" कमरुन्निसा ओरडली. "अब आठ दिन बच्चों को क्या पिलाऊं? तेरा फोटो?"

"मावशी, अळी दिसली की ओतायचं. वरून ऑर्डर आहे." काकासाहेब सत्यशीलाच्या दाराशी आले. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. ह्या बायकांना जरा समजावून सांगा. अज्ञानामुळं होतं बघा हे सगळं."

अज्ञानामुळं! रात्रभर दाबून धरलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"रस्त्यापलीकडं टॉवरचं बांधकाम चाललंय. त्याच्या तळघरात महिनोन् महिने गुडघाभर पाणी साचलंय. ते कुणाचं अज्ञान?"

"ती खासगी जागा आहे ताई. आत जायला परवानगी लागते."

"मग आमचं घर काय सरकारी आहे?"

गल्लीत खसखस पिकली. कडूबाई आतून म्हणाली, "व्हय की! पायताणं घालून पार उंबऱ्यावर आलाव, तवा कुणाला इचारलं?"

काकासाहेबांनी घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, त्याला आज एवढी घरं संपवायची होती इतकंच. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमची मुलगी आजारी आहे, कळलं मला. तुमचा ड्रम सोडतो. फक्त मावशींच्या ह्या रिकाम्या ड्रमशेजारी उभं राहून एक फोटो द्या. शिकलेली बाई कोरडा दिवस पाळते, असं दिसलं की आमचंही काम भागतं."

सत्यशीलाचं मन क्षणभर डळमळलं. आत केसरचे ओठ सुकले होते, दुपार जवळ येत होती. एक फोटोच तर. तिनं पाऊल उचललंही. तेवढ्यात तिला कमरुन्निसा दिसली. दाराशी उकिडवी बसून ती फरशीच्या खळग्यात साचलेलं पाणी वाटीनं पातेल्यात भरत होती. 

सत्यशीला वळली, आत गेली, केसरला उचलून बाहेर आली, ड्रमचं झाकण लावलं आणि पोरीला मांडीवर घेऊन वर बसली.

"ओता आता."

"ताई, असं करू नका..."

"ओता म्हणते ना. आधी आम्हा दोघींना ओता."

कडूबाई गुडघ्यावर हात टेकत आली आणि तेलाच्या डब्यावर बसली. समोरची चतुराबाई आपल्या टाकीवर बसली. मग पलीकडची, मग तिच्या पलीकडची. बघता बघता गल्लीभर बायका आपापल्या पाण्यावर बसल्या. कमरुन्निसाचा ड्रम तर रिकामाच होता. तिनं तो उभा केला आणि तीही वर बसली.

"तुमचं म्हणणं तरी काय आहे?" काकासाहेब रडकुंडीला आले.

"अळी मारायला पाणी मारावं लागत नाही. जुनं लुगडं चार पदरी करा, पाणी गाळून हंड्यांत घ्या, ड्रम आतून घासा, पुन्हा भरा आणि घट्ट फडकं बांधा. तुमची माणसं लावा कामाला."

"असं केलं तर दिवसात एकच गल्ली होईल!"

"एकच होऊ द्या. पण झाली तरी पाहिजे."

काकासाहेबांनी आधी मोबाईलकडं पाहिलं, मग बायकांच्या रांगेकडं, आणि बाह्या वर केल्या. कडूबाईनं आतून जुनं लुगडं आणून दिलं. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं त्यांच्या माणसानं. गाळलेल्या पाण्यातला एक-एक हंडा प्रत्येकीनं कमरुन्निसाला दिला. तळाचं पाणी ओतायची वेळ आली तेव्हा कडूबाई स्वतः पुढं झाली, ड्रम कलता केला आणि नारळाच्या काथ्यानं तळ खरवडला. 

सत्यशीला आता पायरीवर बसून उकळून निववलेलं पाणी चमच्यानं पाजत होती. एक चमचा. थांबायचं. पुन्हा एक. उलटी झाली नाही. ऊन दारात आलं, तसं तिच्या मांडीला काहीतरी गरम लागलं. ओल साडीतून पायरीवर उतरली. सत्यशीला जागची हलली नाही.

"मुतली गं बाई, पोर मुतली!" कडूबाई गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. बायका हसल्या, कमरुन्निसानं केसरच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. काकासाहेबही हसले आणि भोंगा उचलून निघाले.

सत्यशीलाला हसू आलं नाही. मांडी ओली झाली म्हणून एवढा आनंद व्हावा, ही वेळ कुणी आणली? ती विचारणार होती, पण विचारायचं कुणाला, तेच कळेना. तेवढ्यात मागच्या गल्लीतून त्यांच्या भोंग्याचा तोच आवाज आला, "सर्व भांडी रिकामी करा!"

ती केसरला कडेवर घेऊन मागच्या भिंतीपाशी गेली आणि टाचा उंचावून, होता नव्हता तो जोर लावून ओरडली,

"बायांनो, ड्रमवर बसा! उठू नका कुणी!"