एकोणीस मुक्काम

"पहिला मुक्काम न्यूहेव्हनच्या अलीकडे, पबच्या मागच्या आवारात," माल्कम म्हणाला. "जेवण त्यांच्याकडे घेतलं की रात्रभर गाडी उभी करू देतात. तिथून फ्रान्सची बोट नऊ मिनिटांवर."

"पंधरा धर," मी म्हटलं. "साठी झाल्यापासून तू प्रत्येक चौकात थांबून चिंतन करतोस."

"सत्तरी आली."

"तेच ते."

तो हसला नाही. पेन्सिलीने नऊचे पंधरा केले आणि पुढच्या पानावर गेला. दुसरा मुक्काम पलीकडे दिएपच्या बंदरात, पण चारच्या आत पोचायचं, नंतर जागा मिळत नाही. तिसरा चीजवाल्यांच्या गावात, तिथे पाण्याचा नळ डाव्या हाताला. चौथ्या जागेला त्याने फुली मारली होती, कारण जमीन उतरती आहे आणि उतारावर माझी चाकांची खुर्ची पळते. पावाचं दुकान तीनशे पावलांत हवं, चर्चची घंटा दूर हवी, तिकडे पोचल्यावर दिवसाला शंभर मैलांच्या वर जायचं नाही, संडासाची पेटी रिकामी करायची सोय एक दिवसाआड हवी. प्रत्येक मुक्कामाला एक पर्याय, त्या पर्यायाला आणखी एक. बावीस वर्षं दर मे महिन्यात आम्ही मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फ्रान्सला जातोय, आणि बावीस वर्षं हा माणूस जानेवारीपासून चौकटीच्या वहीत डोकं घालून बसतो. पूर्वी मला त्याचा राग यायचा. यंदा मी शेजारी बसून प्रत्येक ओळ ऐकत होते.

एकोणीस मुक्काम. लोआर नदीपर्यंत जायचं, तिथे काठाकाठाने पाच मुक्काम करायचे आणि परत. पुढच्या मे महिन्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

माझ्या स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरतायत. आधी पाय गेले, मग डावा हात. उजवा अजून चमचा धरतो, पण खांद्यापासून उचलत नाही. डॉक्टरीणबाई चांगली आहे, खोटं बोलत नाही. नाताळापर्यंत गिळायला त्रास होईल म्हणाली. जूनपासून घरी दिवसातून चारदा मदतनीस बायका येणार होत्या. त्या सुरू झाल्या की प्रवास संपला.

फेब्रुवारीत पुढच्या खोलीत हॉस्पिटलचा पलंग आला. बटण दाबलं की डोकं वर, दुसरं दाबलं की पाय वर. एकट्या माणसाचा. मी नर्सला विचारलं होतं, जरा रुंद मिळतो का. ती म्हणाली, "ग्वेंडा, राजा, आम्हाला दोन्ही बाजूंनी उभं राहावं लागतं ना." तेव्हापासून माल्कम वरच्या खोलीत झोपतो आणि मी खाली. उशाशी तान्ह्या बाळांसाठीचं ते आवाज ऐकायचं यंत्र. चव्वेचाळीस वर्षं एका अंथरुणात झोपल्यावर मी आता त्याला फक्त जिन्यावर ऐकते.

म्हणून खरं सांगायचं तर मला लोआर नको होती. नदी मी पोटभर पाहिलीय. मला गाडीतला मागचा पलंग हवा होता. एक मीटर तीस रुंद, तीन बाजूंनी भिंत, एकाने कूस बदलली की दुसऱ्याला बदलावीच लागते. माल्कम वहीत मुक्काम मोजत होता. मी त्याच्या शेजारच्या रात्री मोजत होते. एकोणीस. त्यानंतर मेले तरी चाललं असतं, पण आधी त्या एकोणीस हव्या होत्या.

हे त्याला सांगितलं का? नाही. आमच्याकडे असलं कुणी बोलत नाही. मागणी घालतानासुद्धा त्याने मला विचारलं होतं, की दोघांचा मिळून गॅस किती लागेल. आणि सांगितलं असतं तर तो त्याच संध्याकाळी पुढच्या खोलीच्या फरशीवर पथारी पसरून झोपला असता, त्या मोडक्या पाठीनिशी. मला कीव नको होती. मला नेहमीसारखं झोपायचं होतं, फ्रान्सला निघालोय म्हणून.

मग एप्रिल आला, आणि नऊ तारखेला माल्कम सत्तर वर्षांचा झाला.

आमच्या पिढीला साध्या परवान्यावर साडेतीन टनांहून जड गाडी चालवता येते, पण सत्तरीपर्यंतच. पुढे डॉक्टरचा दाखला लागतो. आणि माल्कमचा डावा डोळा गेल्या हिवाळ्यात अधू झाला. मोटार चालवायला एक डोळा पुरतो, जड गाडीला नाही. आमचा मुलगा आलाही असता, पण त्याच्या वयाच्या लोकांच्या परवान्यात एवढी जड गाडी मुळातच नाही. आमच्या गाडीची कागदावरची वजनमर्यादा तीन हजार आठशे पन्नास किलो.

"त्यात काय," माल्कम मार्चमध्येच म्हणाला होता. "वजनाची मर्यादा कागदावर कमी करून घ्यायची. साडेतीन टन. लोक घेतात." आणि त्याने तसं करून घेतलं. कंपनीच्या माहितीपत्रकात रिकाम्या गाडीचं वजन छापलेलं होतं. त्यावरून त्याने हिशेब केला, चाळीस किलो शिल्लक राहतात.

आता हा माणूस कोण? एकतीस वर्षं वजनमापांचा सरकारी निरीक्षक. डर्बीशरमधल्या खाटकांच्या काट्यांवर याने शिक्के मारले. पाकिटावर छापलंय त्यावर कधी विश्वास ठेवू नका, हे त्याने दुकानदारांना इतक्यांदा ऐकवलंय की ते त्याला बघून दुकान बंद करायचे. आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी छापील आकडा धरून बसला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! त्या छापील आकड्यात बाजूचं कापडी छप्पर नव्हतं, सोलर पॅनेल नव्हतं, दुसरी बॅटरी नव्हती, बावीस वर्षांत आम्ही ठोकलेलं एकही कपाट नव्हतं.

एप्रिलअखेर आम्ही गावाबाहेरच्या खाणीतल्या वजनकाट्यावर गेलो. तिथे दगडाचे ट्रक मोजतात. काट्यावर डोरीन नावाची बाई बसते, जाड चष्म्याची, मोठ्या आवाजाची. तिने खिडकीतून ओरडून सांगितलं, "तीन हजार सातशे बारा!"

माल्कम म्हणाला, "पुन्हा बघा."

"पुन्हा बघून हलकी होत नसते हो गाडी."

दोनशे बारा किलो जास्त. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी त्याच्या आईच्या दफनाच्या वेळी पाहिला होता तसा झाला होता.

पुढचे दहा दिवस तो गाडी रिकामी करत होता. गाडी एका शेतकऱ्याच्या आवारात उभी असते, तिथे तो रोज सकाळी जायचा आणि संध्याकाळी काय काय उतरवलं ते मला सांगायचा. छप्पर गेलं. सायकलींचा सांगाडा गेला. दुसरी बॅटरी, दुसरा गॅस, खुर्च्या, जादा चाक. ओव्हन काढला. पाण्याची टाकी कोरडी न्यायची आणि रोज मुक्कामावर कॅनने भरायची असं ठरलं. पातेली चाराची एक झाली. पुस्तकं गेली, तेव्हा मी काही बोलले नाही. माझ्या कोटासाठी मात्र भांडले.

"तुझा कोट अडीच किलोचा आहे," तो म्हणाला.

"आणि तुझं पोट?"

"ते चालकात धरतात. चालक पंच्याहत्तर किलो, गाडीच्या वजनातच."

"म्हणजे तुझं पोट फुकट आणि माझा कोट भार. कायदा पुरुषांनीच केलेला दिसतोय."

त्या दिवशी तो थोडा हसला. कोट घरी राहिला.

निघायचं सोमवारी, बारा मेला. आदल्या मंगळवारी पुन्हा काट्यावर गेलो. डोरीनने या वेळी ओरडून सांगितलं नाही. ती चिठ्ठी घेऊन बाहेर आली.

"तीन हजार पाचशे शेहेचाळीस," ती हळू म्हणाली. "अजून काय काय आहे आत?"

"काही नाही," माल्कम म्हणाला. "आता आत काही नाही."

"जा की तसेच. शेहेचाळीस किलोसाठी कोण विचारतंय?"

"तिकडचे पोलीस इंग्रज गाड्या बाजूला घेऊन मोजतात. आणि नाही मोजली तरी अपघात झाला तर विमा नाही. आणि..." तो थांबला. "मी एकतीस वर्षं लोकांना दंड केला, बाई. पाच ग्रॅमसाठी."

मला माझ्याच जिभेचा भरवसा नसतो, ती अशा वेळी हमखास सुटते. मी म्हटलं, "सोपं आहे. मी एक्कावन्न किलो. मला इथे डोरीनपाशी ठेव. वर पाच किलो उरतील, त्यात वाईन आण."

मला वाटलं तो चिडेल किंवा हसेल. तो गाडीतून उतरला, पुढून फिरून काट्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. त्याचे खांदे हलत होते. चव्वेचाळीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, त्याही दिवशी चेहरा पाहिला नाही. डोरीन काचेशी येऊन म्हणाली, "असं नाही बोलायचं गं बाई." मला ठाऊक होतं. माझी जीभ त्याच दिवशी गेली असती तर बरं झालं असतं.

रात्रीच्या जेवणाला तो माझ्या तोंडात चमचा घालत होता तेव्हा मी म्हटलं, "राहू दे रे. नाही गेलो तर काय बिघडतं?" सगळंच बिघडत होतं. जूनमध्ये बायका येतील, मग नाताळ, मग ते एकट्या माणसाचं अंथरूण उचलून नेतील. पण त्याला ऐकू आलं ते फक्त तोंडाने बोललेलं.

"जायचं," तो म्हणाला. "तुला लोआर बघायचीय ना? मग जायचं."

बुधवार, गुरुवार तो दिवसभर शेतकऱ्याकडे होता. संध्याकाळी यायचा तेव्हा हातांना खरचटलेलं असायचं, केसांत लाकडाचा भुसा. विचारलं तर म्हणायचा, "बघ तू." वही त्याने पुन्हा काढली होती. चौथ्या मुक्कामाचा पर्याय पक्का केला. त्याची शीळ ऐकू आली तेव्हा मला कळलं, की मीही दोन दिवसांत पहिल्यांदाच पोटभर जेवले होते.

शुक्रवारी तो गाडी घेऊन थेट दारात आला. मला उचलून पुढच्या फिरत्या सीटवर बसवलं. सीटच्या मागे पडदा ओढलेला होता.

"मागे पसारा आहे," तो म्हणाला. कान लाल झालेले. त्याला खोटं बोलता येत नाही.

काट्यावर गाडी चढली. त्याने इंजिन बंद केलं. मी आकड्याचा फलक बघत नव्हते, मी त्याचा हात बघत होते. तो स्टिअरिंगवर बोटांनी काही तरी मोजत होता.

"तीन हजार चारशे अठ्ठ्याऐंशी!" डोरीन आतूनच ओरडली, आणि मग टाळ्या वाजवत बाहेर आली. "बारा किलो शिल्लक! काय हो, इंजिनच काढून ठेवलंत की काय?"

माल्कम मोठ्याने हसला. मीही हसले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला हात उठेना, तर डोरीनने तिच्या बाहीने पुसलं. मी जाणार होते. सोमवारी रात्री पबच्या मागे, मंगळवारी दिएपला. मी मनातल्या मनात एकोणीसच्या एकोणीस पुन्हा मोजून घेतल्या.

"कोट घेऊ का गं तुझा?" माल्कम म्हणाला. "आता बसतो."

"आधी सांग, केलंस काय?"

त्याने पडदा बाजूला सारला आणि माझी सीट मागच्या बाजूला फिरवली.

मागचा पलंग नव्हता. त्याचा लाकडी सांगाडा नव्हता, फळ्या नव्हत्या, गादी नव्हती. दोन्ही भिंतींना एकेक घडीची खाट लावलेली होती, ॲल्युमिनियमची, हिरव्या कापडाची.

"अडुसष्ट किलो होता तो पलंग!" माल्कम म्हणाला. "विश्वास बसतो? बावीस वर्षं आपण अडुसष्ट किलो वाहत होतो. या दोन मिळून दहा. अठ्ठावन्न किलो वाचले, गं! आणि हे बघ, मधे जागा. तुझी खुर्ची आता थेट मागपर्यंत जाते. मला तुझ्या शेजारी उभं राहता येतं. नर्सला विचारलं मी, ती म्हणाली उत्तम."

"जुना कुठाय?"

"कचरा डेपोत. मोटारीत मावेना, म्हणून करवतीने मधोमध कापला."

तो माझ्याकडे बघत होता. चांगला डोळा आणि अधू डोळा, दोन्ही लहान मुलासारखे चमकत होते. दोन दिवस करवत चालवून हात सोलून घेतलेला माणूस. त्याला काय सांगणार होते मी? की तू मला लोआर दिलीस आणि बाकी सगळं डेपोत टाकून आलास? चूक त्याची नव्हती. चव्वेचाळीस वर्षांत मी एक वाक्य बोलले नाही, ही माझी चूक. आणि आता बोलले तर त्याच्याजवळ काय उरेल?

"शाब्बास, माल्कम," मी म्हटलं.

डोरीन दारातून डोकावून म्हणाली, "अय्या, ऐसपैस झालं की आता!"

"मधे किती अंतर आहे?" मी विचारलं.

"बासष्ट सेंटीमीटर," तो लगेच म्हणाला. त्याने मोजलेलं होतंच. "खुर्ची साठची. दोन सेंटीमीटर वर ठेवले."

माझा उजवा हात मांडीवर होता. मी त्याला उचलायचा हुकूम दिला. बोटं थोडी हलली.